निसर्गस्नेही रंगाने घर रंगवताना: आमच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

आईला दमा आहे. मागच्या वेळी घर रंगवलं तेव्हा तिला पंधरा दिवस मावशीकडे राहावं लागलं. या वेळी तिला घराबाहेर काढायचं नाही, एवढं ठरवून काम हाती घेतलंय. काम करणारे दोघंच, मी आणि धाकटा भाऊ. आईच्या खोलीला झीरो व्हीओसी इमल्शन, बैठकीच्या खोलीला चुना, दारं-खिडक्यांना जवसाच्या तेलातला रंग असा बेत आहे. तिन्हींच्या वेष्टणावर हिरवं पान छापलेलं आहे.

आज फक्त मापं आणि लेबलं. आईची खोली ३.६ बाय ३ मीटर, उंची २.९. दार-खिडकी वजा जाता ३५ चौरस मीटर भिंत. डब्यावर लिहिलंय की एका लिटरमध्ये एक हात १० ते १२ चौरस मीटर होतो. दोन हातांना ७ लिटर लागतील म्हणून ४ लिटरचे दोन डबे आणले.

व्हीओसी म्हणजे रंग वाळताना हवेत उडून जाणारी सेंद्रिय संयुगं. ‘झीरो’ लिहिलं म्हणजे ती अगदी शून्य असतात असा माझा समज होता. तसं नसतं. साधारणपणे लिटरमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी असली की हा शब्द छापतात. ‘लो व्हीओसी’ त्याहून सैल, तो ५० ग्रॅमपर्यंतही चालवून घेतात. युरोपात घरातल्या भिंतींच्या पाण्यातल्या मॅट रंगाला २०१० पासून कायद्यानेच ३० ग्रॅमची मर्यादा आहे. म्हणून पानाचं चित्र सोडा आणि डब्याच्या मागच्या बाजूला ग्रॅमचा आकडा शोधा. आकडाच नसेल तर तो डबा मी घेणार नाही.

६ जानेवारी

आजची चूक सगळ्यात मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

खिडकीच्या चौकटीवरचा जुना रंग पॉलिश पेपरने कोरडाच घासायला घेतला. नवीन रंग साधा, बिनविषारी आहे, एवढंच डोक्यात होतं. खाली काय आहे याचा विचारच केला नव्हता. अर्ध्या तासाने एके ठिकाणी मोठा पोपडा निघाला आणि त्याची कड उजेडात धरली. पाच थर दिसले. वर पांढरा, खाली दोन क्रीम, मग हिरवा, आणि अगदी तळाला लाकडाला चिकटलेला फिकट गुलाबी. घर पन्नास वर्षांपूर्वीचं. त्या काळच्या लाकडाच्या प्रायमरमध्ये आणि ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. मी तिथेच थांबले.

तोवर खिडकीच्या कठड्यावर आणि फरशीवर बारीक भुकटी पसरली होती. भावाचा दीड वर्षाचा मुलगा याच फरशीवर रांगतो आणि हाताला येईल ते तोंडात घालतो. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कुठलीच पातळी माहीत नाही, लहान मुलांच्या बाबतीत तर नाहीच. भावाला सांगितलं, बाळाला आणि वहिनीला आजच तिच्या माहेरी पाठव. तो म्हणाला, “ताई, आधी तपासून तरी घेऊ.” मी म्हटलं, तपासू, पण बाळ गेल्यावर.

साफसफाई अशी केली. झाडू नाही, पंखा नाही, घरचा व्हॅक्यूमही नाही. साध्या फिल्टरमधून बारीक धूळ पुन्हा हवेत येते. ओल्या फडक्याने एकदा पुसलं की ते फडकं पिशवीत बंद, मग नवं फडकं. साबणाच्या पाण्याने दोनदा, साध्या पाण्याने एकदा. अंगावरचे कपडे वेगळे धुतले. उरलेला दिवस आणि उद्याची सकाळ यातच जाणार. पोपड्याचा तुकडा तपासणीला पाठवलाय.

८ जानेवारी

बैठकीची भिंत. चुन्याचे दोन हात दिले. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो, काही लावलंच नाही असं वाटतं, आणि वाळताना हळूहळू पांढरा उमटतो. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस घाबरून जाड थर देतो.

१० जानेवारी

दोन्ही हात वाया गेले. भिंतीवरून तळवा फिरवला तर तो पिठात बुडवल्यासारखा पांढरा झाला. मास्किंग टेप चिकटवून ओढली, तिच्यावर चुन्याचा अख्खा पापुद्रा उतरला आणि खाली जुना प्लास्टिक इमल्शन तसाच चकाकत होता.

चुना कुठल्याही भिंतीवर बसतो हा गैरसमज मी कुठून घेतला कोण जाणे. चुना प्लास्टरच्या छिद्रांत शिरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि तसाच भिंतीला धरतो. इमल्शनच्या फिल्मवर त्याला शिरायला जागाच नसते. भावाने सिलिकेट रंगाचं सुचवलं. अडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली पेटंट घेतलेला तो खनिज रंगही उघड्या प्लास्टरवरच पकडतो, त्यामुळे तो मार्गही बंद.

काम सुरू करण्याआधी एक मिनिटाची तपासणी करायला हवी होती. भिंतीवर पाण्याचे चार थेंब टाका. मिनिटभरात जिरले तर भिंत उघडी आहे. थेंब मोत्यासारखे राहिले किंवा ओघळले तर वर फिल्म आहे, चुन्याच्या वाटेला जाऊ नका.

आता पर्याय दोन. जुना इमल्शन खरवडून प्लास्टरपर्यंत जायचं किंवा चुना सोडून द्यायचा. बैठकीतल्या एकाच भिंतीला चुना ठेवायचा आणि तीच खरवडायची असं ठरलं.

१३ जानेवारी

खरवडायला साडेतीन दिवस लागले. भिंत ओली करायची, दहा मिनिटं मुरू द्यायची, मग पत्रीने काढायचं. इथेही कोरडं घासणं बंद. तळाशी प्लास्टर चांगलं निघालं. एका कोपऱ्यात लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेला क्षार, होता, तो ब्रशने झाडून घेतला.

भावाच्या मनगटावर चुना उडाला आणि त्याने तासभर तसाच ठेवला. संध्याकाळी कातडी लाल होऊन सोलली. चुना नैसर्गिक असला तरी निरुपद्रवी नाही. चुन्याच्या पाण्याचा पीएच १२.४ च्या आसपास असतो, म्हणजे ते तीव्र अल्कली आहे. त्वचेला त्रास होतोच, आणि डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. छतापाशी हात वर करून काम करताना तो थेट चेहऱ्यावर येतो. चष्मा आणि रबरी हातमोजे आता सक्तीचे. डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धरायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा.

१४ जानेवारी

भिंतीला हलकी निळी झाक हवी होती. घरात निळ्या रंगाची पूड होती, प्रशियन ब्लू. वाटीभर चुन्यात चमचाभर घालून ढवळली. सुरुवातीला सुंदर आभाळी रंग आला. चहा पिऊन येईपर्यंत वाटीच्या कडेने तो मळकट व्हायला लागला आणि दुपारपर्यंत वाटीत गंजाच्या पाण्यासारखा पिवळट-तपकिरी गाळ उरला. प्रशियन ब्लू चुन्याच्या तीव्र अल्कलीत टिकत नाही, फुटतो आणि मागे लोहाचा गंजच राहतो. चुन्यात मातीचे आणि लोहऑक्साइडचे रंग चालतात. पिवळी माती घेतली. नशीब, वाटीतच करून पाहिलं.

१५ ते १८ जानेवारी

चुन्याचे पाच हात, सगळे दुधाइतके पातळ. दर वेळी आधी भिंत पाण्याने भिजवली, दोन हातांत एक रात्र मध्ये ठेवली. ऊन थेट येतं त्या बाजूच्या खिडकीला चादर लावली, कारण चुना झपाट्याने सुकला तर घट्ट न होता भुकटी होऊन राहतो. घट्ट व्हायला त्याला ओल आणि वेळ दोन्ही लागतात. तळवा फिरवल्यावर आता अगदी थोडी पांढुरकी छटा लागते. टेप स्वच्छ निघते.

भावाने विचारलं, “चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, म्हणजे तो हवाच साफ करतो ना?” अर्धंच खरं. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजताना दगडातून जो वायू निघतो, तेवढाच चुना परत घेतो. भट्टीत जळलेल्या इंधनाचा धूर कोण परत घेणार?

१९ जानेवारी

तपासणीचा निकाल आला. नव्या रंगात शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा बऱ्याच देशांनी धरली आहे. आमच्या तुकड्यात त्याच्या कित्येक पट शिसं निघालं.

ठरलं ते असं. जिथे रंग लाकडाला घट्ट आहे तिथे तो मुळीच काढायचा नाही. सुटलेले पोपडे पाणी फवारून पत्रीने उचलायचे, खाली प्लास्टिक अंथरायचं, मग वरून नवा रंग देऊन झाकायचं. हीट गन वापरायची नाही, उष्णतेने शिशाचा धूर होतो. निसर्गस्नेही रंगाने जुनं शिसं निष्प्रभ होत नाही, फक्त झाकलं जातं, आणि ते झाकण शाबूत असेतोवरच.

२१ जानेवारी

आईच्या खोलीचा रंग. डबे पांढऱ्या बेसचे होते. तिला गडद मोरपंखी आवडला म्हणून एक डबा मशिनवर शेड काढायला दिला. घरी आणून उघडला तर वास आला. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, डब्यावरचा आकडा बेसचा असतो. मशिनमधला रंगद्रव ग्लायकॉल या सॉल्व्हंटवर बनलेला असेल तर व्हीओसी वाढतं, आणि शेड जितकी गडद तितका रंगद्रव जास्त. रंगद्रवही व्हीओसीमुक्त आहे का, हे आधी विचारायचं असतं. मी विचारलंच नव्हतं.

चार लिटर बाजूला गेले, ते माळ्यावरच्या अडगळीला वापरू. आईशी बोलून फिकट हिरवा ठरवला, व्हीओसीमुक्त रंगद्रवात.

२३ जानेवारी

पहिला हात पट्टे-पट्टे आला. हा रंग विलक्षण लवकर सुकतो. रंग जास्त वेळ ओला ठेवणारी ग्लायकॉलं आणि फिल्म जुळवणारे सॉल्व्हंट्स यात कमी केलेले असतात. रोलर परत येईपर्यंत आधीच्या पट्ट्याची कड वाळलेली, त्यामुळे जिथे दोन पट्टे एकमेकांवर आले तिथे रेघ.

त्यावर मी केलेला उपाय आणखी चुकीचा निघाला. डब्यावर १० टक्क्यांपर्यंत पाणी लिहिलं होतं, मी अंदाजाने जवळपास दुप्पट घातलं. रंग छान पसरला, पण खालची पुट्टी दिसायला लागली. म्हणजे तिसरा हात.

२४ जानेवारी

आज जमलं. पंखा बंद, खिडकी थोडी किलकिली. भावाने कडा ब्रशने काढायच्या आणि मी लगेच त्याच्या मागून रोलर. एक भिंत पूर्ण होईपर्यंत कुणी थांबायचं नाही, फोनही उचलायचा नाही. पाणी डब्यावर लिहिलं तेवढंच.

तिसऱ्या हाताचं मला वाईट वाटतंय आणि त्याला कारण आहे. रंगातला पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद टायटॅनियम डायऑक्साइडची असते, आणि तो बनवायला भरपूर ऊर्जा लागते. पाण्याच्या हिशेबात चुकले नसते तर साडेतीन लिटर वाचले असते. तेवढं नुकसान हवेत उडणारे काही ग्रॅम वाचवून भरून निघत नाही. दोन हातांत झाकणारा आणि दहा वर्षं टिकणारा रंग, दर दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागणाऱ्या ‘हिरव्या’ रंगापेक्षा मला आता जास्त निसर्गस्नेही वाटतो.

२५ जानेवारी

आई संध्याकाळी म्हणाली, “वास तर येतच नाही, मी आजच झोपते तिथे.” नको म्हटलं. वास नाही म्हणजे हवेत काही नाही असं नसतं, आणि वास आला म्हणजे व्हीओसीच असंही नसतं. अमोनियाला उग्र वास असतो पण तो सेंद्रियच नाही, त्यामुळे व्हीओसीत धरत नाहीत. उलट, युरोपच्या नियमात २५० अंशांपर्यंत उकळणारेच पदार्थ मोजतात. त्याच्यावर उकळणारे काही सॉल्व्हंट या मोजणीत येत नाहीत आणि भिंतीतून हळूहळू बाहेर पडत राहतात.

शिवाय माझ्या बोटांच्या बेचक्यांत तीन दिवसांपासून खाज आणि बारीक पुरळ आहे. डब्याच्या मागे अगदी बारीक अक्षरांत ओळ सापडली: आयसोथायझोलिनोन आहे, ॲलर्जी होऊ शकते. पाण्यातला रंग डब्यात सडू नये म्हणून हे संरक्षक घालतात. सॉल्व्हंट कमी करून पाणी वाढवलं की त्यात जंतू वाढतात, म्हणून संरक्षक घालणं भागच पडतं. ते काही आठवडे ओल्या-ताज्या भिंतीतून हवेतही येऊ शकतं. ‘झीरो व्हीओसी’ या शब्दांत याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी रंग घेताना ही ओळ आधी वाचा. आम्ही दोघं आता नायट्राइल हातमोजे घालतो, आणि आई अजून दहा दिवस बैठकीत झोपेल. खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या.

२७ जानेवारी

दारं-खिडक्या. जवसाच्या तेलातला, ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ रंग. डबा उघडल्याबरोबर संत्र्याच्या सालीचा वास. आई दारात आली आणि पाच मिनिटांत खोकायला लागली.

लेबल या वेळी नीट वाचलं. लिटरमागे २८० ग्रॅम व्हीओसी. भिंतीच्या रंगात ५ सुद्धा नाही आणि इथे २८०, तेही वनस्पतीतूनच आलेलं. सालीतलं लिमोनीन हे सॉल्व्हंटच आहे, आणि हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड तयार होतं. झाडातून आलं म्हणून दम्याच्या माणसाला ते सोसतं असं नाही. भिंतीच्या डब्याचा आकडा शोधला आणि हा डबा मात्र ‘वनस्पतिजन्य’ शब्दावर घेतला, ही माझी चूक.

उरलेल्या सगळ्या झडपा काढून अंगणात नेऊन रंगवल्या. चौकटींना बिनसॉल्व्हंटचा तेल-रंग, अगदी पातळ, फडक्याने चोळून.

२७ जानेवारी, रात्री

हे स्वतंत्र लिहिते, घाईत वाचणाऱ्याच्याही नजरेस पडावं म्हणून.

तेलाची फडकी भावाने चुरगळून प्लास्टिकच्या बादलीत टाकली होती. दोन तासांनी बादली उचलायला गेले तर वास वेगळाच, करपल्यासारखा. मधलं फडकं बाहेर काढलं, हाताला स्पष्ट गरम लागलं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, चुरगळलेल्यात कोंडते आणि फडकं काडी न लावता पेट घेतं. यापुढे प्रत्येक फडकं लगेच पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, किंवा बाहेर दगडावर एकेक सुटं पसरून. बादलीशेजारीच पुठ्ठे होते. आम्ही झोपलो असतो तर?

५ फेब्रुवारी

झडपा नवव्या दिवशीही चिकट. ज्या दोन झडपांना जाड हात दिला त्यांच्यावर साय धरल्यासारख्या सुरकुत्या आल्या. वर कातडं, आत ओलं तेल. त्या पत्रीने उतरवून पुन्हा. तळाचे थर शाबूत राहतील इतपतच, ओलं करून.

६ फेब्रुवारी

आईच्या कपाटामागे ओलीचा डाग वर आला. ‘श्वास घेणारा’ रंग घेतलाय, ओल निघून जाईल, असं गृहीत धरलं होतं. भिंत श्वास घेत नाही. अशा रंगातून पाण्याची वाफ जाऊ शकते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पलीकडे बाथरूमचा पाइप पाझरत होता. प्लंबर, एक जोड बदलला, आणि भिंत वाळायला तीन आठवडे. हे रंगाआधीचं काम होतं.

८ फेब्रुवारी

ब्रश-रोलर धुण्याबद्दल. पाण्यातला रंग म्हणजे मोरीत धुवायला हरकत नाही, असं सगळेच धरून चालतात. ॲक्रिलिक इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण, शिवाय तेच संरक्षक. आम्ही आता असं करतो: आधी ब्रश पुठ्ठ्यावर पुसून कोरडा करायचा, मग तीन बादल्यांत एकामागून एक धुवायचा. पहिलीचं पाणी दोन दिवस स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं पाणी पुढच्या धुण्याला, गाळ वर्तमानपत्रावर वाळवून सुक्या कचऱ्यात. तिन्ही बादल्या मिळून एका दिवसाचं काम निभावतं.

१२ फेब्रुवारी

आई काल खोलीत राहायला गेली. खोकला नाही. दुसऱ्याच दिवशी तिने स्विचजवळचा हाताचा डाग ओल्या फडक्याने घासला आणि तिथे चकाकी आली, फडक्याला हिरवट रंग लागला. स्पर्शाला कोरडा झाला तरी रंग पूर्ण पक्का व्हायला महिनाभर द्यायचा. ‘धुता येण्याजोगा’ हा शब्द त्यानंतरचा आहे.

१ मार्च

कपाटामागची भिंत वाळली, तिला दोन हात दिले. काम संपलं. ठरवले होते नऊ दिवस, प्रत्यक्ष हातात काम होतं असे दिवस मोजले तर सव्वीस. आईच्या खोलीला ७ ऐवजी साडेदहा लिटर. चुन्याचे दोन हात, मोरपंखीचा डबा आणि दोन झडपांचा रंग वाया किंवा दुसरीकडे.

उरलेला हिरवा दीड लिटर छोट्या बरणीत काठोकाठ भरलाय, वर खोली, शेड आणि तारीख लिहून. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा राहते आणि रंग लवकर नासतो.

बाळ उद्या परत येतंय. आज फरशी आणि कठडे शेवटचे ओल्याने पुसले. मग प्रत्येक खिडकीच्या वरच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, झडप उघडल्यावरच दिसेल अशा जागी, पक्क्या शाईने लिहून ठेवलं: ‘खालच्या थरांत शिसं आहे. कोरडं घासू नका.’ घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्येही तपासणीचा निकाल लावलाय.